बॉडी कंट्रोल मॉड्यूल, ट्रकमधील : दोषनिदान व बदली

इंजिन आणि ब्रेक यांना स्वतःचे संगणक असतात. त्यांखेरीज ट्रकमध्ये विजेवर जे जे चालते त्याचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असतो : हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, केबिनचा दिवा, पॉवर विंडो, दरवाज्यांचे लॉक आणि पुष्कळ गाड्यांत इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सुद्धा. गॅरेजांत याला ‘बीसीएम’ म्हणतात. जाड वहीएवढा हा डबा बहुधा क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्सच्या मागे असतो. पूर्वी हेच काम रिले, फ्लॅशर आणि जाड वायरी करत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले, त्यानंतरच्या ट्रकांत हा डबा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

कार्य : जुन्या गाडीत दिव्याचा करंट थेट स्विचमधून जाई. बीसीएम असलेल्या गाडीत स्विच फक्त इशारा देतो, दिवा लावायचा निर्णय मॉड्यूल घेते आणि आतल्या मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) करंट सोडते. करंट सोडताना ते तो मोजतेही. २४ व्होल्टच्या गाडीत ७० वॅटचा हेडलाइट बल्ब सुमारे २.९ अँपिअर घेतो आणि २१ वॅटचा इंडिकेटर ०.९ अँपिअर. करंट फार कमी दिसला तर बल्ब गेला असे समजून मॉड्यूल इंडिकेटर भरभर चमकवते. फार जास्त दिसला तर ते ती वाट (त्या दिव्याचे सर्किट) बंद करते. मूळ बल्ब काढून बाजारातला एलईडी लावला की इंडिकेटर ‘धावतो’ तो याच कारणाने. तिथे मॉड्यूल बिघडलेले नसते, ते आपले काम चोख करत असते.

कोकणातील परिस्थिती : खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घाटातले हादरे ही तिन्ही कारणे एकाच गाडीला भोवतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने वर जाणाऱ्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी सारखे ठिबकत असते. ते चासीवरून जाणाऱ्या वायरिंगवर आणि मागच्या दिव्यांच्या कपलरांत (वायरी जोडणाऱ्या प्लगांत) पडते. चिरे वाहणाऱ्या गाडीत तांबडी धूळ कपलरच्या रबरी सीलमध्ये बसते आणि सील नीट मिटत नाही. एकदा मीठ आत गेले की ते हवेतला दमटपणा ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही पिना ओलसर राहतात.

गंज सगळ्या पिनांवर सारखा चढत नाही. ज्या पिनेला कायम २४ व्होल्ट असतात ती आधी जाते. शेजारच्या अर्थच्या (बॉडीला व बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या) पिनेपर्यंत खारट पाण्याचा थर झाला की धन पिनेचे तांबे विरघळू लागते. कपलर उघडल्यावर एकाच पिनेभोवती हिरवट-निळी पूड आणि बाकीच्या पिना चकचकीत दिसतात, ते यामुळे. दुसरा मार्ग फसवा आहे. मागच्या दिव्याशी वायर सोललेली असेल तर पाणी तांब्याच्या तारांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, इन्सुलेशनच्या आतून सरकत जाते. अशा वेळी सांधा बाहेरून कोरडा दिसतो आणि वायर सोलली की आत काळी निघते.

केबिनमध्ये पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : समोरच्या काचेचे रबर, वायपरच्या स्पिंडलचे बूच आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) वायरिंग आत येते तिथले ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे. वायरिंगला मॉड्यूलच्या आधी खाली झोळ दिलेला नसेल तर तिच्यावरून ओघळणारे थेंब सरळ कपलरात उतरतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. तसल्या गढूळ पाण्यात केबिनपर्यंत बुडालेल्या गाडीची चावी फिरवून बघणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. तिथे आधी बॅटरी सोडवावी, वायरिंग गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे. बुडालेले मॉड्यूल वाळवून चालू झाले तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

लक्षणांवरून अंदाज : एकच दिवा बंद असेल तर संशय बल्ब, वायर किंवा मॉड्यूलमधली ती एक वाट यांवर जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी एकदम गेल्या, म्हणजे हॉर्न, डावा हेडलाइट, वायपर आणि पॉवर विंडो, तर त्यांना मिळणारा समाईक फ्यूज किंवा सप्लायची पिन बघावी. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकतात, याला ‘गाडीच्या अंगात आलंय’ म्हणतात. त्यामागे जवळजवळ नेहमी मागच्या दिव्याचा तुटलेला अर्थ असतो. परतीची वाट न मिळालेला करंट शेजारच्या बल्बातून मार्ग काढतो. हे लक्षण दिसल्यावर मॉड्यूलला हात लावायचे कारण नाही.

कोकणात बदललेल्या मॉड्यूलांपैकी कितीतरी निर्दोष असतात. बदलताना कपलर काढून लावला गेल्याने पिना घासून साफ होतात, गाडी दोन महिने चालते आणि पावसात दुखणे परत येते. म्हणून बीसीएम हा शेवटचा संशयित धरावा.

तपासणी : सुरुवात बॅटरीपासून करावी. दोन बॅटऱ्या मिळून उभ्या गाडीत २५ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा टेप रेकॉर्डर किंवा मोबाइल चार्जर जोडलेला असेल तर ती बॅटरी मागे पडते आणि मॉड्यूल कमी व्होल्टेजचे दोष-कोड टाकत राहते.

मग अर्थ बघावा. हेडलाइट व वायपर चालू ठेवून मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल वायर मॉड्यूलच्या अर्थ पिनेवर, कपलर न काढता मागच्या बाजूने, टेकवावी. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट काढून, रंग व गंज खरवडून, नवा लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) घालून कसावा. सप्लायची बाजूही अशीच, लोड देऊन मोजावी. नुसत्या मल्टिमीटरला गंजलेल्या पिनेवरही पुरे २४ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट घेतच नाही. २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्ट लॅम्प करावा. त्या पिनेवर तो लख्ख पेटला तरच सप्लाय खरा.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलांतले कोड वाचणारे यंत्र. मॉड्यूल स्कॅनरला दिसत नसेल आणि इतर मॉड्यूलांत यू ०१४० (बीसीएमशी संपर्क तुटला) हा कोड असेल, तर कॅन वायरी (मॉड्यूलांना एकमेकांशी बोलण्यासाठी जोडणाऱ्या दोन वायरी) तपासाव्यात. बॅटरी सोडवून स्कॅनर लावायच्या सोळा पिनांच्या सॉकेटवर ६ व १४ या पिनांमध्ये ओहम मोजावेत. ६० च्या जवळ आले तर वायरी व दोन्ही टोकांचे रेझिस्टर शाबूत आहेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही ट्रकांत एकाहून अधिक कॅन लाइन असतात आणि बीसीएमची लाइन या सॉकेटपर्यंत येतच नाही. त्यासाठी त्या मॉडेलचे वायरिंग डायग्राम हाताशी लागते.

जे-१९३९ या, ट्रकसारख्या जड गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीच्या कोडात शेवटचा एफएमआय (दोषाचा प्रकार सांगणारा) आकडा कामाचा असतो : ५ म्हणजे वाट तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलेली, १२ म्हणजे उपकरणच सदोष. पण १२ दिसला म्हणून लगेच ऑर्डर देऊ नये. अस्थिर सप्लायनेही मॉड्यूल स्वतःला दोषी ठरवू शकते.

मॉड्यूल खरेच गेले हे म्हणायला पुरावा असा हवा. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात स्विचचा इशारा पोचलेला दिसतो. स्कॅनरवरून दिवा लावण्याचा हुकूम दिला जातो. सप्लाय आणि अर्थ लोडवर पक्के आहेत. तरी त्या पिनेवर जोडलेला टेस्ट लॅम्प पेटत नाही. एवढे झाले की ती वाट आतून जळली आहे. ती का जळली हे शोधल्याशिवाय नवे मॉड्यूल बसवले तर तेही त्याच वाटेने जाईल. वायर बॉडीला लागली आहे का हे बघताना बल्ब काढून मोजावे. ७० वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ८ ओहमचा असतो, पण थंड असताना एक ओहमहून कमी दाखवतो आणि शॉर्ट असल्याचा भास होतो.

शॉर्टची नेहमीची ठिकाणे म्हणजे हौदा बांधताना चासीवर दाबली गेलेली वायर, वाळू-चिऱ्याच्या गाडीला बसवलेल्या जीपीएसचे टॅपिंग आणि हौसेने लावलेल्या जादा दिव्यांची माळ. ५ वॅटच्या चार दिव्यांसाठी दिलेल्या वाटेवर आणखी वीस लावले तर करंट ०.८ वरून ५ अँपिअरवर जातो. जादा दिव्यांना वेगळा फ्यूज आणि रिले द्यावा. सप्लाय बॉडी बिल्डरसाठी (हौदा बांधणाऱ्यासाठी) दिलेल्या कपलरवरून घ्यावा, मूळ वायर सोलून नव्हे.

बदली : नव्या मॉड्यूलचा पार्ट नंबर जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे वेगळ्या सॉफ्टवेअरचे असू शकतात. जुने मॉड्यूल अजून बोलत असेल तर त्यातले कॉन्फिगरेशन आधी वाचून ठेवावे. इमोबिलायझर असेल तर गाडीच्या सगळ्या चाव्या समोर हव्यात. भंगारातले मॉड्यूल स्वस्त मिळते, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर व चाव्या कोंडलेल्या असतात आणि पुष्कळ मॉडेलांत त्या पुसता येत नाहीत.

चावी बंद केल्यावर मेन स्विच लगेच पाडू नये. बीएस-६ गाडी नळ्यांतले डीईएफ (धूर शुद्ध करण्यासाठीचे युरियाचे द्रावण) परत टाकीत ओढत असते, ते संपेपर्यंत थांबावे. मग बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे. मॉड्यूलला हात लावण्यापूर्वी केबिनच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कपलरची लिव्हर पूर्ण उघडली की तो स्वतः बाहेर येतो, पक्कड लावावी लागली तर काहीतरी चुकते आहे. पिना नायलॉनच्या ब्रशने व काँटॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. पॉलिश पेपर मारला की पिनेवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पिन आधी गंजते. ढिली झालेली मादी पिन दाबून बसवण्यापेक्षा नवी क्रिंप करावी. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस सीलला पातळ लावावे, कपलर भरून टाकू नये. मॉड्यूल कपलरची तोंडे खाली राहतील असे बसवून वायरिंगला झोळ द्यावा.

प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडावा. मध्येच व्होल्टेज पडले तर नवे मॉड्यूल अर्धवट लिहिले जाते आणि कधी कायमचे बंद पडते. इंजिन चालू करायचा बूस्ट चार्जर या कामाला चालत नाही. कॉन्फिगरेशन, चाव्या आणि मग कोड पुसणे असा क्रम ठेवावा. शेवटी प्रत्येक दिवा, वायपरचे सर्व वेग, हॉर्न आणि लॉक तपासावेत. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकला पाहिजे. हौद्यावर वेल्डिंग करायचे असेल तर दोन्ही बॅटऱ्या सोडवून, मॉड्यूलचे कपलर काढून, वेल्डिंगचा अर्थ सांध्याच्या अगदी जवळ लावावा.

गाडी सोडण्यापूर्वी समोरच्या काचेवर व वायपरखाली दहा मिनिटे पाइपने पाणी मारावे आणि क्लीनरच्या बाजूची मॅट उचलून हाताने चाचपावी. मॅटखाली ओल लागली तर गळती अजून तशीच आहे. नवे मॉड्यूल आत ठेवून ती गाडी घाटात पाठवू नये.