टक्के किती आणि पर्सेंटाइल किती?

बारावीनंतर चौदा वर्षांनी मी पुन्हा अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर आणि प्रमाण हे धडे उघडले, कारण एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. आमच्या अभ्यासिकेत वीस जणांनी मिळून गणिताची ५० गुणांची चाचणी सोडवली. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे ७० लिहिलं होतं. आत्याला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली. "सत्तर टक्के! इतक्या वर्षांनी बसून चांगलेच की गं."

टक्के सत्तर नव्हतेच, ४६ होते. ७० हे पर्सेंटाइल होतं.

आपल्याकडे दहावीपासून "किती टक्के पडले?" हाच प्रश्न कानावर असतो, त्यामुळे निकालातला शंभराच्या आतला कुठलाही आकडा टक्केच वाटतो. पण दोन्हींचा हिशोब पार वेगळा आहे. मला ५० पैकी २३ गुण होते. २३ भागिले ५० गुणिले १०० म्हणजे ४६ टक्के. यात बाकीच्या एकोणीस जणांचा काही संबंध नाही. मी एकटीने पेपर सोडवला असता तरी ४६च आले असते.

पर्सेंटाइल काढताना गुण बाजूला ठेवायचे आणि क्रमांक बघायचा. एमबीएच्या कॅट या प्रवेश परीक्षेची रीत अशी आहे: परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येतून आपला क्रमांक वजा करायचा, उरेल त्याला एकूण संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. वीस जणांत माझा क्रमांक सहावा होता. २० वजा ६ म्हणजे १४, त्याला २० ने भागलं की ७०. माझ्या मागे १४ जण, म्हणजे शंभरातले सत्तर. इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेत मात्र आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण असलेले सगळे मोजतात, म्हणजे स्वतःलाही धरतात. त्या रीतीने माझे ७५ झाले असते. वीस जणांत हा फरक मोठा दिसतो, लाखोंच्या गर्दीत तो दशांशचिन्हाच्या पलीकडे जाऊन पडतो.

आता समजा पेपर सोपा निघाला आणि सगळ्यांनाच पाच-पाच गुण जास्त मिळाले. माझे टक्के ४६ वरून ५६ होतील, पर्सेंटाइल मात्र ७०च राहील, कारण रांगेतली माझी जागा हललीच नाही. उलटंही होतं. कॅट २०२३ मध्ये ६६ प्रश्न होते, १९८ गुण. त्या वर्षी ९९ पर्सेंटाइलला निम्म्याहून बरेच कमी गुण पुरले. साधारण २ लाख ८८ हजार जण परीक्षेला बसले होते, म्हणजे वरचा एक टक्का जवळपास २,८८० जणांचा. शाळेत पंचेचाळीस टक्क्यांवर मान खाली घालणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. टक्क्यांची पायरी सगळीकडे सारख्या उंचीची असते: ५० गुणांच्या पेपरात एक गुण म्हणजे दोन टक्के, कुठेही. पर्सेंटाइलचं तसं नाही. आमच्या चाचणीत माझ्या लगेच पुढे तिघे होते, तिघांनाही २४ गुण. त्यांच्या पुढे एक ३८ वर आणि एक ४१ वर. मला फक्त दोन गुण जास्त असते तर मी तिघांना ओलांडून तिसरी आले असते, पर्सेंटाइल ७० वरून ८५. पण ८५ वरून ९० ला जायचं तर ३८ वाल्याला मागे टाकायला हवं, म्हणजे आणखी १४ गुण. दोन गुणांत पंधरा, मग चौदा गुणांत पाच!

मोठ्या परीक्षांतही साधारण असंच असतं. मधे गर्दी दाट, वर विरळ. म्हणून माझ्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग पक्कं करा. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा, म्हणजे एक चुकणारं उत्तर बरोबर आलं की चार गुणांचा फरक पडतो, आणि मधल्या गर्दीत चार गुण पुष्कळ माणसं ओलांडतात.

परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेत तर गणितात पूर्ण गुण मिळूनही पर्सेंटाइल ९९ होत नाही. १७० पैकी १७० मिळवणारे इतके आहेत की त्या गुणाचं पर्सेंटाइल नव्वदच्या आसपासच थांबतं. भाषेच्या भागात तेच १७० गुण ९९ वर नेतात.

आणखी एक चूक मी स्वतः करत होते. तीन विभागांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून ते एकूण पर्सेंटाइल समजायचे. क्रमांकांची अशी सरासरी चालत नाही, आधी गुणांची बेरीज व्हायला हवी आणि मग रांग नव्याने लावायला हवी. अर्ज भरतानाही सांभाळा: कॅटच्या पात्रतेसाठी पदवीला जे ५० मागतात (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५) ते टक्के असतात.

आता वहीत मी दोन रकाने आखलेत. मागच्या महिन्यात माझे टक्के ४६ वरून ५८ झाले आणि पर्सेंटाइल ७० वरून ६५ वर उतरलं. पहिल्या संध्याकाळी रडू आलं. मग पेपर काढून बघितला. अपूर्णांकांची आठही गणितं बरोबर होती, आधी तीन आली होती. मी पुढे गेले होते, फक्त बाकीचेही महिनाभर अभ्यास करत होते. आता प्रत्येक चाचणीनंतर आधी टक्क्यांचा रकाना भरते, आणि पर्सेंटाइलचा दुसऱ्या दिवशी सकाळी.