काशीस जावे, नित्य वदावे

गेल्या डिसेंबरात पुण्याचा मामेभाऊ आमच्याकडे म्हापशाला आला. मुक्काम तीन दिवसांचा आणि फोनवरच्या यादीत सतरा ठिकाणं. शापोऱ्याच्या किल्ल्यावर चढून गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "दादा, ती भिंत कुठली रे?" ती भिंत म्हणजे २००१ सालच्या 'दिल चाहता है'मध्ये तीन मित्र जिच्यावर बसतात ती. किल्ला मुळात आदिलशाहीतला, पुढे पोर्तुगीजांनी नव्यानं बांधला, संभाजी महाराजांच्या गोवा स्वारीत मराठ्यांकडे आला, हे मी सांगू लागलो. तेवढ्यात फोटो काढून झाला होता.

'बकेट लिस्ट' हा शब्द तसा कालपरवाचा. इंग्रजीत मरण्याला 'बादलीला लाथ मारणं' म्हणतात, त्यावरून २००७ साली हॉलिवूडनं याच नावाचा सिनेमा काढला आणि शब्द घराघरांत गेला. आपल्याकडे २०१८ साली माधुरी दीक्षितचा पहिला मराठी सिनेमा याच नावानं आला. त्यातली नायिका पुरी करते ती यादी तिची स्वतःची नसते. जिचं हृदय तिला बसवलेलं असतं त्या मुलीची असते. सिनेमा बाजूला ठेवा, पण ही कल्पना मला नेमकी वाटते. आज बहुतेकांच्या फोनवर दुसऱ्याच कुणाची तरी यादी असते.

शब्दाच्या आधीही माणसं अशा याद्या करत होतीच. जॉन गोडार्ड या अमेरिकन मुलानं १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, १२७ गोष्टी लिहून काढल्या आणि पुढे खरोखरच होडीतून नाईल नदी उतरून गेला. यादीमुळे माणूस घराबाहेर पडतो याचा इतका सज्जड पुरावा दुसरा सापडणार नाही. पण ती यादी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती.

दुसऱ्यांनी करून दिलेल्या याद्यांची परंपरा मात्र फार जुनी. ग्रीकांची सात आश्चर्यं दोन हजार वर्षांपूर्वीची. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बेडेकरच्या मार्गदर्शक पुस्तकांनी पाहण्याजोग्या ठिकाणांना तारे द्यायला सुरुवात केली. मरण्याआधी पाहायच्या हजार ठिकाणांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक २००३ साली आलं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थांची लांबच लांब यादी आहे आणि प्रत्येक तीर्थापुढे फळ सांगितलेलं आहे: इथे स्नान केलं तर अग्निष्टोम यज्ञाचं पुण्य, तिथे अश्वमेधाचं. बेडेकरचे तारे याहून वेगळे काय होते? तिथलं एक कारण मात्र मनाला भिडतं. यज्ञाला पैसा लागतो, तो राजांना परवडतो; तीर्थयात्रा गरिबालाही करता येते. शिवाय जिथे पाय पोचणार नाहीत तिथे मनानं जावं, अशी सोयही केलेली आहे. माझी आजी रोज सकाळी दिवा लावताना "काशीस जावे, नित्य वदावे" म्हणायची. तिची यादी एका ओळीची. काशी तिनं पाहिली नाही. तिचं म्हणणं वाया गेलं असं मात्र मला कधी वाटलं नाही.

बारा ज्योतिर्लिंगं, अष्टविनायक, साडेतीन शक्तिपीठं या सगळ्या याद्याच, आणि आज बसवाले दोन-तीन दिवसांत अष्टविनायक उरकून आणतात. तेव्हा जुनं ते पवित्र आणि नवं ते उथळ असं म्हणण्यात अर्थ नाही. पण जुन्या यादीबरोबर काही नियम येत. चालणं, उपास, स्नान, परत आल्यावर मावंदं घालणं. वाटेतही काहीतरी घडायला जागा असे. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञातली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. परतताना खांद्यावर गंगेची कावड होती. 'माझा प्रवास' हे मराठीतलं अव्वल प्रवासवर्णन घडलं ते ठरलेला बेत मोडला म्हणून.

गोवा तर कायमच कुणाच्या ना कुणाच्या यादीत राहिला आहे. ज्यानं गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगीजांत म्हण होती. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे खुष्कीनं आलेले हिप्पी हणजूणला थांबले. १९७९ साली इराणात क्रांती झाली, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. १९८६ साली जुन्या गोव्यातली चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ही यादी खरं तर जपणुकीसाठी केलेली. पर्यटकांनी तिची खरेदीची चिठ्ठी केली.

यादी कशी फसवते ते दूधसागरला नीट कळतं. फोनवरचा फोटो असतो जुलैतला, डोंगरावरून दूध ओतल्यासारखा. पण ऐन पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात, आणि त्या सुरू होतात तोवर पाणी ओसरू लागलेलं असतं. मग लोक रेल्वेच्या रुळांवरून चालत जातात. रुळांवर जायला बंदी आहे, आणि २०२३च्या जुलैत पोलिसांनी अशांना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. धबधबा आहे तिथेच आहे. फोटोतला महिना मात्र यादीत कुणी लिहीत नाही.

स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तीन हजारांवर अमेरिकी लोकांना त्यांच्या याद्या विचारल्या आणि निष्कर्ष २०१८ साली छापले. दहातल्या नऊ जणांकडे यादी होती आणि तीत सर्वांत जास्त आढळली ती प्रवासाची इच्छा. डॉक्टरांचा हेतू वेगळाच होता: रोग्याला काय करायचं राहिलंय हे कळलं की उपचार त्या बेतानं ठरवता येतात. अशा वेळी यादीचा उपयोग मला पटतो. ती दुसऱ्याला सांगण्यासाठी असते.

दुसऱ्याची यादी म्हणजे नेहमी वाईटच, असंही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपल्याड आदिलशाही मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. कुळं कारवार, मंगळूर, मुंबईपर्यंत पांगली. त्यांचे वंशज आजही कुलदैवताला येतात. हे ठिकाण त्यांनी निवडलेलं नसतं, वाट्याला आलेलं असतं. पण तिथला भट त्यांना गोत्र विचारतो, आजोबांचं नाव विचारतो. किल्ल्याची भिंत काहीच विचारत नाही.

आमची गाडी तिसऱ्या दिवशी डिचोलीजवळ बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत दोन तास होते, म्हणून मामेभावाला रिक्षानं नार्व्याला नेलं. दिवाडी बेटावरून हलवलेला सप्तकोटेश्वर इथला, देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधवून घेतलेलं. तो दीपस्तंभापाशी बराच वेळ बसून राहिला. त्या दिवशी त्यानं फोन काढला तो फक्त मेकॅनिकला विचारायला, अजून किती वेळ लागेल म्हणून.