विरघळणारा स्क्रू हाड जुळण्याआधीच विरघळतो का?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड वाहताना घसरून कुणाचा घोटा मोडला, की दवाखान्याबाहेर हमखास ऐकू येते: ‘विरघळणारा स्क्रू नको, हाड जुळायच्या आत तो मिठासारखा विरून जातो.’ ही समजूत चुकीची आहे. घोट्याचे हाड साधारण 6 ते 12 आठवड्यांत जुळते; पॉलिलॅक्टिक आम्ल या विरघळणाऱ्या प्लास्टिकचा स्क्रू मात्र पूर्ण नाहीसा व्हायला काही वर्षे लागू शकतात, कारण शरीरातील पाणी त्याच्या लांब रेणुसाखळ्या हळूहळू तोडते आणि सुटलेल्या लॅक्टिक आम्लाचे शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होते.

खरी अडचण निराळीच आहे. स्क्रूचा आकार शाबूत दिसत असतानाच त्याची ताकद घटू लागते; म्हणून त्याच पदार्थाचे ताणलेले तंतू आत घालून तो बळकट करतात. शरीरात विरघळणारे मॅग्नेशियमचे मिश्रधातू याहून दणकट असतात, शिवाय त्यांची ताठरता सुमारे 45 गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या 200 पेक्षा हाडाच्या बरीच जवळची. पण झिजताना ते हायड्रोजन वायू सोडतात, त्यामुळे झिजण्याचा वेग आवरण्यातच संशोधकांची बरीच शक्ती खर्ची पडते. मांडीच्या हाडासारख्या भार पेलणाऱ्या जागी मात्र आजही प्रामुख्याने टायटॅनियमची वा पोलादाची सळईच घालतात.