नवरीचं सोनं आणि नवऱ्याची परवानगी

पोर्तुगालच्या उत्तरेला मिन्यो नावाचा हिरवागार, पावसाळी प्रांत आहे. तिथल्या व्हियाना दु कास्तेलु गावाच्या परिसरात शेतकऱ्याघरची नवरी पांढऱ्या नव्हे, काळ्या कपड्यांत लग्नाला उभी राहायची. काळा घागरा, काळी चोळी, त्यांवर काचमण्यांचं भरतकाम आणि डोक्यावर तलम पांढरा रुमाल. काळा हा तिथे इभ्रतीचा रंग. असा पोशाख महाग पडायचा, म्हणून एकदा शिवला की पुढच्या सगळ्या सणासमारंभांना तोच काढला जाई. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये पांढरा झगा घालून लग्न केलं आणि ती चाल युरोपभर पसरली, पण मिन्योच्या खेड्यांत ती बरीच उशिरा पोहोचली.

त्या काळ्या कपड्यावर उठून दिसायचं ते सोनं. मण्यांच्या माळा, साखळ्या, लांब डूल आणि तारकामाचं मोठं हृदय. येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीतून आलेल्या या हृदयाला आज सगळे ‘व्हियानाचं हृदय’ म्हणतात. हे तारकाम मुख्यतः पोर्तो शहराजवळचं गोंदोमार आणि मिन्योतलं पोव्हुआ द लान्योसु इथल्या सोनारांचं.

पर्यटकांच्या फोटोंत हे सोनं नुसती सजावट वाटतं. मला त्यात त्या बायकांचा जमाखर्च दिसतो. मिन्योतले पुरुष पिढ्यानपिढ्या कमाईसाठी ब्राझीलला जात. कोणी परत येई, कोणी येत नसे. शेत, गुरं आणि म्हातारी माणसं बायकाच सांभाळत. हातात चार पैसे शिल्लक पडले की एखादा दागिना घ्यायचा आणि अडचण आली की तो गहाण टाकायचा किंवा मोडायचा, ही रीत आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. आपण त्याला स्त्रीधन म्हणतो.

लग्न जमण्याची रीतही याच प्रांतात मोठी गोड होती. मुलगी लिननच्या रुमालावर फुलं, पक्षी आणि प्रेमाच्या दोन-चार ओळी भरायची आणि तो आवडत्या मुलाला द्यायची. त्याने तो चारचौघांत मिरवला, की नातं मान्य झालं. शाळेत न गेलेल्या मुली जसं बोलत तसंच भरत, त्यामुळे शब्द अशुद्ध असत. आज व्हिला व्हेर्द गावात असे रुमाल विक्रीसाठी बनतात, आणि त्या जुन्या चुका मुद्दाम जशाच्या तशा ठेवल्या जातात.

घरातल्या या रीतींवर आधी चर्चची आणि नंतर सरकारची चौकट बसली. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की पाद्री आणि साक्षीदारांसमोर झालेलं लग्न तेवढं खरं. त्यानंतर तीनशे वर्षं लग्न म्हणजे चर्च असंच समीकरण होतं. 1867 च्या नागरी संहितेने कॅथलिक नसलेल्यांसाठी नोंदणी विवाहाची वाट उघडली. ऑक्टोबर 1910 मध्ये राजेशाही गेली आणि नव्या प्रजासत्ताकाने महिन्याभरात घटस्फोटाचा कायदा केला. 1911 पासून नागरी नोंदणी सक्तीची झाली.

मग पंतप्रधान सालाझारची हुकूमशाही आली आणि काटा उलटा फिरला. 1936 च्या एका फर्मानानुसार प्राथमिक शिक्षिकेला लग्नासाठी मंत्रालयाची परवानगी लागे, आणि नवऱ्या मुलाची मिळकत तिच्या पगाराला साजेशी असावी लागे. सरकारी इस्पितळांतल्या परिचारिकांना तर लग्नाची बंदीच होती. ती उठली 1963 मध्ये. विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाता येत नसे, तेही 1969 पर्यंत. मला सगळ्यांत क्रूर वाटतो तो 1940 चा व्हॅटिकनशी झालेला करार. त्यानंतर ज्यांनी चर्चमध्ये लग्न केलं त्यांना घटस्फोटाचा हक्कच उरला नाही. मोडलेल्या संसारातून बाहेर पडून लोक दुसरं घर मांडत, पण लग्न करू शकत नसत, आणि त्या घरातल्या मुलांच्या कपाळी अनौरसपणाचा शिक्का बसे. ही हुकूमशाही उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर, फेब्रुवारी 1975 मध्ये तो करार बदलला, तेव्हा अशा असंख्य जोडप्यांची सुटका झाली.

याच काळात लग्नाचा देखावाही पालटत होता. 1961 पासून अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये वसाहतींची युद्धं पेटली. मुलगा आफ्रिकेत आणि मुलगी गावात, म्हणून मुखत्यारपत्रावर लग्नं लागत. वेदीसमोर नवरदेवाच्या जागी त्याचा भाऊ नाहीतर वडील उभे राहत. नवरी पूर्ण साजात, आणि शेजारचा माणूस भलताच! साठच्या दशकात लाखो लोक कामासाठी फ्रान्सला गेले. त्यांची सुट्टी ऑगस्टमध्ये, म्हणून गावाकडच्या लग्नांचा हंगामही ऑगस्टच झाला. तो अजून टिकून आहे.

लिस्बनमध्ये 1958 साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने गरीब जोडप्यांची सामुदायिक लग्नं सुरू झाली, लग्नं जुळवणाऱ्या संत आंतोनियोच्या नावाने. क्रांतीच्या वर्षी ती थांबली. पुढे लिस्बन महापालिकेने ती पुन्हा सुरू केली, आणि आता जूनच्या त्या सोहळ्यात काही जोडपी चर्चऐवजी नोंदणी विवाह करतात.

2007 पासून देशात चर्चमधल्या लग्नांपेक्षा नोंदणी विवाह जास्त होऊ लागले. 2010 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. 2015 पासून जन्मणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील एकमेकांशी विवाहित नसतात. जेवणावळ मात्र सुटलेली नाही. तिचं नाव ‘कोपु द आग्वा’, म्हणजे शब्दशः पाण्याचा पेला. पूर्वी ती नवरीच्या घरी किंवा अंगणात होई, आता भाड्याने घेतलेल्या मोठ्या बागबंगल्यात होते. खारवलेला बकल्याव मासा, भाजलेलं डुकराचं पिल्लू, आणि मध्यरात्रीनंतर नाचून दमलेल्यांना कोबीच्या पानांचं गरम काल्दु व्हेर्द सूप. काळा पोशाख आणि सोनं बघायला मिळतं ते ऑगस्टमधल्या व्हियानाच्या जत्रेत, मिरवणुकीतल्या बायकांच्या अंगावर.

आता गोव्याचं सांगायला हवं. 1867 ची ती संहिता 1870 मध्ये गोव्यातही लागू झाली. तिचा नियम असा, की आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची सगळी मालमत्ता एक होते, आणि निम्मी बायकोची. कारभार मात्र नवऱ्याच्या हाती. मिन्योच्या बाईला अंगावरचं सोनं इतकं का जपावं लागलं, ते इथे उमगतं. कागदावर अर्ध्या घराची मालकीण असली तरी तिच्या मुठीत होतं ते तेवढंच. पोर्तुगालने 1967 मध्ये नवी संहिता आणली आणि लग्नाआधीची मिळकत ज्याची त्याची केली. नवऱ्याचं कुटुंबप्रमुखपण 1977 च्या दुरुस्तीत गेलं. गोव्यात 1961 नंतरही जुनाच कौटुंबिक कायदा चालू राहिला. त्यामुळे आजही कोकणीत ज्याला ‘काजार’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘काझार’ (लग्न करणे) वरून आलेला लग्नसोहळा ठरला की गोव्यातलं जोडपं, हिंदू असो वा ख्रिस्ती, नोंदणी कार्यालयात सही करायला जातं, आणि वेगळा करार नसेल तर लिस्बनने केव्हाच मोडीत काढलेल्या नियमाने नवरी अर्ध्याची मालकीण होते.