आधी रान, मग वाडी

श्रावणातला रविवार, सकाळी सहाला खारघरहून निघालो, गाडीत मी, आई आणि दहावीतली भाची. प्लॅन साधाच, सकाळी कर्नाळ्याच्या जंगलात दोन-तीन तास फिरायचं आणि मग पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागच्या पुढे चौलला ओळखीच्या एका काकांच्या मसाल्याच्या वाडीत जायचं. बरेच जण हे उलट करतात, आधी वाडी, मग जेवण, मग समुद्र आणि वेळ उरलाच तर येताना कर्नाळा. माझं म्हणणं एकच, क्रम बदलू नका. वाडीत आपल्याला जायफळ काय, मिरी काय ते दिसतं, पण झाडं एवढा खटाटोप करून हे वास बनवतात कशाला, ते आधी रानात नाक उघडं ठेवून फिरलं की समजतं.

कर्नाळा अभयारण्य फार मोठं नाही, साधारण १२ चौरस किलोमीटर, आणि गोवा हायवे त्याच्यातूनच जातो. पण गेटच्या आत दहा मिनिटं चाललं की ट्रकचा आवाज मागे पडतो आणि शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकू यायला लागतो. आदल्या रात्री पाऊस झालेला, सगळीकडे ओल्या मातीचा वास. हा वास मातीचा नाहीच खरं तर. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू जिओस्मिन म्हणून एक रसायन बनवतात, त्याचा हा वास. आणि माणसाचं नाक ह्या बाबतीत एवढं तिखट आहे की हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले तरी आपल्याला कळतं. जीवाणूंना याचा काय फायदा? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक उड्या मारणारे जीव या वासाकडे खेचले जातात, जीवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले, पोटातून गेलेले त्यांचे बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकतात. म्हणजे ज्याला आपण पावसाचा वास म्हणतो ते त्या जीवाणूंचं बोलावणं आहे, जेवायला या आणि जाताना आमची पोरं घेऊन जा.

भाचीने वाटेकडेचं घाणेरीचं पान तोडून चुरगळलं आणि नाक मुरडलं. मी म्हटलं हात धुवायच्या आधी एकदा नीट वास घे. पान नुसतं असताना त्याचा वास फारसा येत नाही, चुरगळलं की भपकन येतो, कारण तेल पानावरच्या बारीक केसांत आणि आतल्या पेशींत बंद करून ठेवलेलं असतं. किडा चावला की कुपी फुटते आणि पहिल्याच घासाला तोंड खराब होतं. घाणेरी अमेरिकेतून आलेली, इथल्या रानात तिने नुसता उच्छाद मांडलाय, आणि तिच्या विषारी पानांना गुरं सहसा तोंड लावत नाहीत हे त्यामागचं एक मोठं कारण.

झाडाला पळता येत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं होतं. आणि आपल्याकडचं उष्ण दमट रान म्हणजे किड्यांना, बुरशीला बाराही महिने मेजवानी, बर्फ पडून सगळं थंडावलं असं इथे कधी होतच नाही. त्यामुळे अशा हवेतली झाडं रसायनांवर एवढा खर्च करतात. मसाल्याचे इतके पदार्थ उष्ण प्रदेशातले का, त्याचं बरंचसं उत्तर यातच आहे.

जरा पुढे पेव फुलला होता, लाल कणसातून बाहेर आलेली पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी फुलं. पेव हा आल्या-हळदीचा लांबचा नातेवाईक, पानं खोडाभोवती जिन्यासारखी गोल फिरत वर जातात. त्याच्याजवळच रानहळदीची पानं. ही सगळी मंडळी पावसाळ्यात चार महिने वर दिसतात आणि मग पानं वाळून गायब, उरलेले आठ महिने जमिनीखाली गड्डा. म्हणजे वर्षभराची शिदोरी एकाच जागी, तीही अळ्या, सूत्रकृमी आणि बुरशीच्या शेजारात! त्या गड्ड्याला राखण नको? हळदीच्या तेलातली टर्मेरोन नावाची रसायनं किड्यांना दूर ठेवतात, आल्याचा झणझणीतपणाही त्याच जातीचा. आपण खातो ती ही राखण.

अकराच्या सुमाराला निघालो, वाटेत पेणला मामाकडे चहा घेतला, चौलला पोचायला दीड वाजला.

वाडीत शिरल्यावर आई पहिलं वाक्य बोलली, "अगं, हे तर सकाळचं जंगलच आहे." अगदी बरोबर बोलली. वर नारळ-सुपारी, त्याखाली जायफळ, दालचिनी, खोडांवर मिरीचे वेल, आणि तळाशी हळद, आलं, अननस. रानात जसे मजले असतात तसेच. कोकणात कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून अशा बागेला लाखी बाग नाव पडलंय. नारळ साधारण साडेसात मीटरवर लावतात आणि त्याची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, मग मधली जमीन आणि झिरपणारं ऊन वाया का घालवायचं, हा त्यामागचा विचार. चार नारळांच्या मध्ये जायफळ, दोघांच्या मध्ये दालचिनी, खोडावर मिरी. ही झाडं मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, त्यामुळे त्यांना इथे परकं वाटत नाही.

मिरीच्या वेलाला हिरव्या घोसांच्या लडी लोंबत होत्या. काका म्हणाले, "पाऊस चांगला रिमझिम पडला तर घोस भरतो, उघडीप पडली तर दाणे गळतात." यात शास्त्र आहे, मिरीची फुलं अगदी बारीक, ना रंग ना मध, आणि पाण्याचे थेंब घोसावरून ओघळताना परागकण खालच्या फुलांवर नेतात असं मानलं जातं. जंगली मिरीत बहुतेक नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. माणसाने शेकडो वर्षं निवडून निवडून दोन्ही एकाच फुलात असलेले वेल लावले, म्हणून आज एका वेलावरही पीक येतं. काळी मिरी आणि पांढरी मिरी हे एकच फळ, हिरवं तोडून उन्हात वाळवलं की सालीतल्या एन्झाइममुळे ते काळं पडतं आणि पिकल्यावर साल काढून टाकली की पांढरं.

भाचीने एक हिरवा दाणा चावला आणि डोळ्यात पाणी. तिखट ही चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. आपल्या तोंडातल्या नसांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक दार असतं, साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला कळतं, चटका बसला. मिरीतलं पायपरीन आणि मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उष्णता नसतानाही उघडतात. हे दार १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत. आता गंमत बघा, पक्ष्यांचं हे दार कॅप्सेसिनने उघडत नाही. उंदीर-घुशी बी चावून फोडतात, त्यांना तिखट लागतं, पक्षी बी अख्खं गिळून लांब टाकतात, त्यांना काहीच लागत नाही. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांनी ती भारतात आणली, आणि त्यांचा रेवदंड्याचा किल्ला या वाडीपासून अगदी जवळ. त्याआधी आपल्या आमटीतलं तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळीच.

दालचिनीपाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. काकांनी कोवळ्या फांदीची साल नखाने खरवडली, दालचिनीचा वास. पान चुरगळून दिलं, तर चक्क लवंग! मग बुंध्याजवळची माती बाजूला करून एक मूळ ओरखडलं, कापूर. एकाच झाडाचे तीन वास, मी तिथे पाच मिनिटं नुसती आलटून पालटून हुंगत उभी होते. सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानात युजेनॉल (लवंगेतही हेच असतं, दाताच्या डॉक्टरकडे येतो तो वास), मुळाच्या सालीत कापूर. पान खाणारे वेगळे, खोड पोखरणारे वेगळे, मातीतले वेगळे, मग एकच औषध सगळीकडे कशाला. घरी डबा उघडून बघा, साल जाड, टणक आणि एकाच पदराची असेल तर ती बहुतेक कॅसिया, म्हणजे दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची साल, खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, चिरुटासारखी गुंडाळलेली असते.

आणि जायफळ. फळ पिवळसर, जर्दाळूएवढं, पिकलं की आपोआप मधोमध उकलतं आणि आत काळपट तपकिरी बीवर लालभडक जाळी, तीच जायपत्री. हा लाल रंग पक्ष्यांसाठी. जायफळाच्या मूळ गावी, इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर, मोठी कबुतरं ते बी गिळतात, जाळी पचवतात आणि बी लांब टाकतात. सालीतून, पानातून झाड सांगतं दूर हो, आणि फळातून सांगतं ये. या बियांसाठी माणसांनी फार रक्त सांडलंय, १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने बांदाचे बहुतेक रहिवासी मारले किंवा हाकलले. १६६७ च्या इंग्रजांबरोबरच्या तहात डचांनी तिथलं रन नावाचं एवढंसं बेट स्वतःकडे ठेवलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहू दिलं.

जायफळात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, बीपासून रोप केलं तर सहा-सात वर्षांनी फूल येईपर्यंत काही कळत नाही, म्हणून आता लोक मादी झाडाची कलमं लावतात आणि दहाएक झाडांमागे एक नर ठेवतात. दुकानातलं जायफळ पेरून उगवत नाही, बी वाळलं की मरतं. काकांकडे ताज्या बीचं वीतभर रोप होतं, ते त्यांनी भाचीच्या हातात दिलं, म्हणाले, "नर निघाला तर मला शिव्या देऊ नकोस, बाळा."

येताना पेणला थांबून मामाच्या परसात, दोन नारळांच्या सावलीत ते लावलं. मामी म्हणाल्या पाणी मी घालीन. नर की मादी ते बघायला अजून सहा-सात पावसाळे आहेत, तोपर्यंत भाचीचं कॉलेजही संपलेलं असेल.