कॉलेज फुटबॉलमधील मतदानाचा वाद

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेता कोण आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हे ठरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मतदानावरून सतत उठणारा वाद. इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा अमेरिकी खेळ. वादाचे मूळ साधे आहे. सर्वोच्च गटात शंभराहून अधिक संघ आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात जेमतेम बारा-तेरा सामने येतात आणि बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी उभेच राहत नाहीत. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए जवळपास प्रत्येक खेळाचे विजेतेपद भरवते, पण फुटबॉलच्या या सर्वोच्च गटाचे तिने कधीच भरवले नाही. ती जागा वृत्तसंस्थांनी घेतली. असोसिएटेड प्रेसने १९३६ पासून क्रीडा पत्रकारांची मते मागवून साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. १९५० मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आणली. दोन्हींचे कौल जुळले नाहीत की त्या वर्षी देशाला दोन विजेते मिळत.

प्रशिक्षकांना मत देण्यात पहिल्यापासून खोट होती. शनिवारी स्वतःच्या सामन्यात बुडालेला माणूस इतरांचे सामने पाहणार कधी? अनेकांच्या मतपत्रिका त्यांच्या कार्यालयातली माणसेच भरत. शिवाय आपल्या प्रतिस्पर्ध्याला वर ढकलले की त्याला हरवल्याचे मोल वाढते. पत्रकारांचा पक्षपात इतका उघड नव्हता. हंगाम सुरू होण्याआधीच क्रमवारी छापली जाते, तीही मागच्या वर्षीची कामगिरी आणि संघाचे नाव पाहून. एकदा वर बसलेला संघ हरेपर्यंत वरच राहतो. विसाव्या क्रमांकावरून सुरुवात करणाऱ्याला मात्र जिंकत राहूनही पुढच्यांच्या पराभवाची वाट पाहावी लागते.

१९६६ चा हंगाम या साऱ्याचा नमुना आहे. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगमध्ये नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट हे पहिल्या दोन क्रमांकांचे अपराजित संघ भिडले. १०-१० अशी बरोबरी असताना शेवटच्या सव्वा-दीड मिनिटात चेंडू नोत्र दामकडे आला. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी लांब फेकीचा धोका पत्करला नाही. बहुतेक वेळ चेंडू पोटाशी धरून घड्याळ संपू दिले. समोरचे खेळाडू त्यांना डिवचत राहिले. पुढच्या आठवड्यात नोत्र दामने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असे लोळवले आणि दोन्ही क्रमवारींत पहिला क्रमांक त्यांनाच मिळाला. त्याच वर्षी सगळे सामने जिंकलेला अलाबामा तिसरा राहिला. अंतिम मतदान तेव्हा हंगामोत्तर ‘बोल’ सामन्यांच्या आधी होत असे, त्यामुळे त्यांनी नेब्रास्काला ३४-७ ने हरवले त्याचा काही उपयोग झाला नाही. अलाबामाचे चाहते आजही याला अन्याय म्हणतात. पण त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तर मिशिगन स्टेटचा चेंडूफेक्याच (क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार) कृष्णवर्णीय होता. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात हे मतदारांच्या डोळ्यांआड होणे शक्य नव्हते, आणि व्हायलाही नको होते.

वर्णाचा प्रश्न उलट्या बाजूनेही उभा राहिला. सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक १९३५ पासून मतदानाने दिला जातो. मतपत्रिकेवरील तीन नावांना अनुक्रमे तीन, दोन आणि एक गुण मिळतात. १९५६ मध्ये तो नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला गेला. त्याचा संघ दहापैकी आठ सामने हरला होता. त्याच्या फेकींवर तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) झाले आणि तेरा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पळवल्या. ओक्लाहोमाच्या टॉमी मॅक्डॉनल्डला पहिल्या पसंतीची मते हॉर्नंगपेक्षा जास्त होती, तरी तो तिसरा आला. आणि कोलगेटविरुद्ध एकट्याने ४३ गुण करणारा सिरॅक्यूजचा कृष्णवर्णीय जिम ब्राउन पाचवा. नोत्र दामचे नाव आणि ब्राउनचा रंग बाजूला ठेवून या निकालाचा अर्थ लागत नाही. पहिला कृष्णवर्णीय विजेता एर्नी डेव्हिस, तोही सिरॅक्यूजचाच. त्यासाठी १९६१ उजाडावे लागले.

पश्चिम किनाऱ्याची तक्रार घड्याळाची आहे. कॅलिफोर्नियात संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला सुरू होतो आणि संपेपर्यंत तिकडचा मतदार झोपलेला असतो. २००९ मध्ये स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट अलाबामाच्या मार्क इंग्रमपेक्षा अवघ्या २८ गुणांनी मागे पडला, तेव्हा हा मुद्दा पुन्हा पेटला.

१९९८ मध्ये आलेल्या बीसीएस पद्धतीत माणसांच्या क्रमवारींना संगणकाच्या गणिताची जोड देऊन अंतिम सामन्याचे दोन संघ निवडले जात. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया संगणकामुळे बाहेर पडला. अंतिम सामना लुइझियाना स्टेटने जिंकला आणि करारानुसार प्रशिक्षकांनी त्यालाच मत देणे बंधनकारक होते. तिघांनी तरीही ते दिले नाही. पुढच्या वर्षी ऑबर्न अपराजित राहूनही वगळला गेला. टेक्सासच्या प्रशिक्षकांनी मतदारांना जाहीर साकडे घातले, त्यानंतर त्यांच्या संघाने क्रमवारीत कॅलला (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) मागे टाकून मानाचा रोझ बोल सामना गाठला. असोसिएटेड प्रेसने त्याच डिसेंबरमध्ये आपली क्रमवारी बीसीएसमधून काढून घेतली. बातमी देणाऱ्यानेच बातमी घडवू नये, हे कळायला इतकी वर्षे लागली.

२०१४ पासून विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी, म्हणजे प्लेऑफसाठी, निवड समिती चार संघ बंद खोलीत निवडू लागली. या प्लेऑफचे प्रक्षेपणहक्क ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे, आणि दक्षिणेकडील विद्यापीठांच्या एसईसी गटाची वाहिनीही त्याच कंपनीची. त्यामुळे पक्षपाताचा संशय कायमचा चिकटला. २०२३ मध्ये १३-० असा हंगाम केलेल्या फ्लोरिडा स्टेटला डावलून एक सामना हरलेला, एसईसी गटाचा अलाबामा घेतला गेला. कारण दिले ते चेंडूफेक्या जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीचे. माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर संघ माझ्याशिवायही किती चांगला आहे हे दिसले असते, असे ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिले. फ्लोरिडा स्टेटच्या एसीसी गटाची वाहिनीही ईएसपीएनचीच आहे, त्यामुळे निव्वळ पैशाचे कारण पटत नाही. पण जिंकलेले सामने एका दुखापतीपुढे हलके ठरावेत, हे त्याहून पटत नाही. २०२४ पासून बारा संघ घेतले जातात आणि भांडण शेवटच्या एक-दोन जागांवर सरकले आहे.

२०१७ च्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडाने एकही सामना गमावला नाही, तरी समितीने त्यांना बारावे ठेवले. १ जानेवारी २०१८ ला त्यांनी पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. याच ऑबर्नने नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांनाही धूळ चारली होती, आणि आठवड्याभराने अंतिम सामना त्याच दोघांत झाला. सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःला विजेता घोषित करून मिरवणूक काढली. कोली मॅट्रिक्स या गणिती क्रमवारीने त्यांना पहिले स्थान दिले होते, म्हणून एनसीएएच्या नोंदपुस्तकात त्या वर्षापुढे अलाबामासोबत त्यांचेही नाव छापलेले आहे.