वासाच्या जनुकांना विषाणूचं वाहन

शेंगाचटणीसाठी दाणे खरपूस भाजले की त्यांत पायराझीन नावाची संयुगं तयार होतात. सोलापुरात कुणाकडे चटणी कांडणं चाललंय, हे अख्ख्या गल्लीला कळतं त्यात त्यांचा मोठा वाटा. माणसाच्या नाकातला ओआर५के१ हा रिसेप्टर (म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसून वासाचा रेणू पकडणारं प्रथिन) ही संयुगं ओळखतो, असं जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं. अशा रिसेप्टरांची जनुकं मात्र १९९१ सालीच हाती लागली होती. मग मधली ३० वर्षं कशात गेली?

लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांत या रिसेप्टरांच्या जनुकांचं भलंमोठं कुटुंब शोधलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं चालू स्थितीत आहेत. जनुक प्रयोगशाळेतल्या पेशीत घालायचं, वास द्यायचा आणि पेशी काय करते ते बघायचं, इतकं हे सोपं वाटलं होतं. पण पेशी प्रथिन बनवायची आणि ते आतच अडकून पडायचं. पृष्ठभागावर आलंच नाही, तर वासाचा रेणू त्याला भेटणार कुठे?

कोलंबिया विद्यापीठातल्या स्टुअर्ट फायरस्टाइन यांच्या गटाने १९९८ मध्ये वेगळी वाट धरली. हे काम रोजच करणाऱ्या नाकातल्या चेतापेशीकडूनच ते करून घ्यायचं, आणि तिच्यात जनुक पोचवायला अ‍ॅडेनोव्हायरस हा पेशीत शिरून आपली जनुकं सोडणारा विषाणू वापरायचा. (कोविशील्ड लशीतला विषाणू याच कुळातला.) वाढीला लागणारं जनुक काढून त्याची स्वतःची वाढ थांबवली, मग त्यात आय७ हा रिसेप्टर आणि हिरवं चमकणारं प्रथिन यांची जनुकं बसवली आणि तो उंदराच्या नाकात सोडला. हिरवी दिसली ती जनुक पोचलेली पेशी. मग ७४ वास एकेक करून दिले आणि नाकाच्या अस्तरावरचा विद्युत प्रतिसाद मोजला. संत्र्याच्या सालीत असणाऱ्या ऑक्टॅनलला तो ठळकपणे वाढला. सबंध इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. अडचणीशी झुंजत न बसता त्यांनी जनुक योग्य पेशीच्या हवाली केलं.

असा दुबळा केलेला विषाणू वाढवायला एचईके-२९३ पेशी लागतात. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडेनोव्हायरसचाच डीएनए घालून त्या तयार केल्या. म्हणून विषाणूतून काढून टाकलेलं जनुक त्या पुरवू शकतात. पुढे मानवी रिसेप्टरांची तपासणीही बरीचशी याच पेशींत झाली. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनचा छोटा तुकडा रिसेप्टरच्या टोकाला जोडला की तो पृष्ठभागावर यायला मदत होते, हे १९९८ मध्येच दिसलं होतं. मग २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने रिसेप्टरला पृष्ठभागापर्यंत नेणारी आरटीपी१ सारखी सोबती प्रथिनं शोधली आणि खरी कोंडी फुटली.

आज जनुक पेशीत कायमचं बसवायचं असेल तर लेंटिव्हायरस वापरता येतो. एएव्ही या छोट्या विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो, पण वासाच्या रिसेप्टरचा संकेत हजारेक अक्षरांचाच असल्याने तोही चालतो.

तरीही सगळे रिसेप्टर सारखे वळत नाहीत. मानवी वास-रिसेप्टरची पहिली तपशीलवार रचना २०२३ मध्ये आली ती ओआर५१ई२ ची. तो नाकाबाहेर, प्रोस्टेटमध्येही आढळतो आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत इतरांपेक्षा सहज तयार होतो, म्हणूनच त्याची निवड झाली होती.